खैरखुटीच्या पाळीवर बेचाळीस मिनिटं

रामराव गावंडे यांच्याबरोबर मी सहा वर्षं गाडी केली. ते ड्रायव्हर, मी कंडक्टर. एसटीत एक जोडी सहा वर्षं टिकणं कठीणच. पण खैरखुटीच्या मुक्कामी गाडीची ड्यूटी कोणालाच नको असायची, म्हणून आम्ही दोघं एकमेकांच्या वाट्याला आलो आणि तसेच राहिलो.

संध्याकाळी साडेपाचला आगारातून निघायचं. राळेगाव मागे टाकून कपाशी-सोयाबीनच्या शेतांमधून आठपर्यंत खैरखुटीला पोचायचं. ग्रामपंचायतीने दिलेल्या खोलीत अंग टाकायचं आणि सकाळी साडेसातला कॉलेजची पोरं, दूधवाले आणि बाजाराला निघालेल्या बाया भरून परत फिरायचं. एवढीच ड्यूटी.

रामरावभाऊ तेव्हा चौपन्न वर्षांचे. अंगाने काटक, मिश्या मेंदीने लाल, गळ्यात बारा महिने एकच चौकड्यांचा दुपट्टा. सव्वीस वर्षांत एकही अपघात नाही. पण आगारात त्यांचं नाव निघालं की लोक आधी त्यांच्या हट्टीपणाचं सांगत. थांबा असेल तिथेच गाडी थांबणार, नसेल तिथे देवाने हात केला तरी नाही. एकदा तालुक्यातले एक मोठे रस्ता-ठेकेदार आपल्या फाटकासमोर हात वर करून उभे होते. त्यांची गाडी बिघडली होती म्हणे. रामरावभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं, मानेने नमस्कार केला आणि गाडी पुढे नेली. मी मागून ओरडलो, "भाऊ, ठेकेदारसाहेब होते!"

"मंग? थांबा शंभर पावलावर हाय. साहेबाइले पाय नाईत काय?"

असा माणूस. ज्याने जन्मभर थांब्याशिवाय गाडी थांबवली नाही, त्यानेच पुढे एक दिवस ती भररस्त्यात आडवी लावली.

खैरखुटीतून निघताना पहिला दीड किलोमीटर रस्ता तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून जातो. तलाव जुना, सिंचनाचा. दोन्ही अंगांना बेशरमची झुडपं, पलीकडे गव्हा-हरभऱ्याची शेतं. हिवाळ्यात तिथे बाहेरदेशचे पक्षी उतरतात, म्हणून वनखात्याने काही वर्षांपूर्वी तो तलाव पक्ष्यांसाठी राखीव केला आणि पाळीच्या टोकाला हिरवी पाटी लावली. त्यात सगळ्यांचा लाडका म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला राखाडी हंस. पुस्तकात त्याला पट्टकदंब म्हणतात, गावात नुसतं हंस. हिमालयावरून उडत येतो. रात्री शेतात चरतो आणि उजाडताना थव्याने पाण्यावर परततो.

पाळीवर आलो की रामरावभाऊ गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकायचे. हॉर्न नाही. समोर म्हैस आली तरी नाही. ती स्वतः बाजूला होईपर्यंत थांबायचे. प्रवासी कुरकुरायचे, पोरं हसायची. भाऊंची नजर मात्र डावीकडे, पाण्यावर.

मला वाटायचं, माणसाला तलाव आवडतो, एवढंच. पण एका दिवाळीनंतर ते ड्यूटीवर आले तेव्हा त्यांच्या पिशवीत डब्याबरोबर एक कॅमेरा होता.

दिग्रसला त्यांच्या साडूच्या ओळखीचे कमलाकर म्हणून एक फोटोग्राफर होते. लग्नाचे फोटो आता मोबाईलवरच निघतात म्हणून त्यांनी स्टुडिओ बंद केला, तेव्हा भाऊंनी त्यांच्याकडून हा जुना कॅमेरा घेतला. पुढे लांब निघणारी नळी, बॅटरीचं झाकण काळ्या चिकटपट्टीने बांधलेलं.

"हे काय आता?" मी विचारलं.

"सव्वीस वर्सं झाली, बाप्पा. काचातून नुसतं पाहून राह्यलो. गाडी थांबवता येत नाई. मंग आपनच तठी जाऊन बसाव म्हनलं."

दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे साडेपाचला उठू लागले. तोंडावर पाणी मारून, कानाला दुपट्टा बांधून तलावावर. सव्वासातला परत, अंगावर चिखल, गुडघ्यांना गोखरूचे काटे. पहिले आठ-दहा दिवस त्यांच्या फोटोंत नुसतं पाणी होतं. कुठे एखादा काळा ठिपका. मला मोठ्या उत्साहाने दाखवायचे, "हे पाह्य, हा हंस." मी हाव म्हणायचो. मला तो ढेकूळ वाटायचा.

तलावावर वनखात्याने एक रोजंदारीचा राखणदार ठेवला होता. उकंडा त्याचं नाव, पलीकडच्या कोलामपोडावरचा, कोलाम आदिवासींच्या वस्तीतला, साठीच्या आसपासचा. त्याने चार दिवस भाऊंची धडपड बघितली आणि पाचव्या दिवशी बोलला.

"डायवरसाहेब, तुमी उभे राह्यता. उभ्या मानसाले ते भेतात. निजा."

"गारव्यात?"

"मंग घरी निजा."

भाऊ निजले. बेशरमच्या झुडपात, ओल्या मातीवर पोट टेकून, कोपरांवर कॅमेरा धरून. मी एकदाच त्यांच्याबरोबर गेलो. थंडीने माझे दात वाजत होते. पाण्यावर धुकं, त्याच्या आत कुठेतरी चक्रवाकांची जोडी ओरडत होती. मग पूर्वेकडून तो आवाज आला. लांबून भजनी मंडळ टाळ वाजवत यावं तसा, आधी बारीक, मग वाढत जाणारा. शे-दीडशे हंस गव्हाच्या शेतांवरून रांगा धरून आले, पाण्यावर एक फेरी घेतली, पाय पुढे काढले आणि एकामागोमाग एक घसरत उतरले. मी थंडी विसरलो. शेजारी कॅमेरा टिकटिक करत होता आणि चौपन्न वर्षांचा तो माणूस श्वास धरून पडला होता.

महिन्याभरात फोटो निघू लागले. खरेखुरे. चमच्यासारख्या चोचीचा थापट्या, शेपटीचं टोक उचललेलं तलवार बदक, आणि हंस. एका फोटोत हंसाच्या चोचीवरून पाण्याचा थेंब सुटताना दिसत होता. तो भाऊंनी राळेगावहून मोठा करून आणला आणि आगाराच्या विश्रांतीगृहात भिंतीवर चिकटवला.

झालं! सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांना विषयच मिळाला. "काय गा रामराव, मसाला कोनता टाकला?" कोणी विचारायचं. कोणीतरी फोटोखाली पेनाने लिहिलं, 'तंदुरी'. भाऊंनी तो फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी तोच नवा लावला. त्यावरही लिहिलं गेलं. तिसरा लावला. पाचव्या फोटोनंतर लिहिणाऱ्याचा दम संपला. तो पाचवा अजून तिथे आहे.

आता त्या जानेवारीकडे येतो. दोन वर्षं झाली त्याला.

संक्रांत होऊन चार-पाच दिवस झाले होते. भाऊ नेहमीसारखे पहाटे तलावावर जाऊन आले होते, खुशीत होते. त्या सकाळी तीनशेच्या वर हंस उतरले होते. साडेसातला मी घंटी मारली, गाडी निघाली. गाडी गच्च. पुढच्या सीटवर तांड्यावरच्या बसंतीबाई, बाजारात विकायला बोरांची मोटली मांडीवर घेऊन.

पाळीच्या मध्यावर एक उतार खाली पाण्यापर्यंत जातो. बैल धुवायला नेतात तो. त्या उतारावर खाली एक पांढरी मोठी गाडी उभी दिसली. तीन जण होते. दोघांनी तिपाईवर हातभर लांबीची लेन्स लावलेले कॅमेरे मांडले होते. तिसरा पाण्याच्या कडेकडेने पुढे चालला होता. त्याच्या मागे उकंडा काठी हलवत, ओरडत पळत होता.

"हे काय चाललं?" भाऊ पुटपुटले.

तेवढ्यात धाड करून आवाज झाला. लगेच दुसरा. सुतळी बॉम्ब. पाण्यावर बसलेला सगळा थवा एकदम उठला. बसलेले हंस उडाले की फोटो चांगले येतात, पंख पसरलेले, सगळं आभाळ भरलेलं. त्यासाठी फोडले होते. तिपाईवरचे दोन्ही कॅमेरे वर फिरले.

तलावाच्या त्या कोपऱ्यावरून शेतीपंपांच्या विजेच्या तारा जातात. एरवी हंस त्या तारांच्या बऱ्याच वरून जातात. घाबरलेले खालूनच उठले. एक हंस सरळ तारेवर आदळला. दगड पडावा तसा पाण्यात पडला.

गाडीत कोणीतरी 'अरे अरे' केलं. आणि ब्रेक लागला.

भाऊंनी गाडी थोडी मागे घेतली, पुढे घेतली आणि उताराच्या तोंडाशी बरोबर आडवी लावली. खालची पांढरी गाडी वर यायची तर एसटीवरूनच उडून यावी लागली असती. इंजिन बंद केलं. चावी काढून शर्टाच्या खिशात टाकली. सीटखालची पिशवी ओढली आणि कॅमेरा घेऊन खाली उतरले.

मी मागच्या दारातून उतरून धावलो. "भाऊ! अहो, काय करून राह्यले? गाडी भरली आहे!"

ते फोटो काढत होते. पहिला फोटो त्या तिसऱ्या माणसाचा. त्याच्या एका हातात पेटलेली अगरबत्ती, दुसऱ्या हातात तिसरा बॉम्ब, वात अजून पेटवायची होती. मागे आभाळात उधळलेले हंस. दुसरा फोटो गाडीच्या नंबराचा. मग ते पाण्याकडे वळले. पडलेला हंस एकाच पंखाने पाणी मारत गोल गोल फिरत होता. तो तिसरा फोटो.

लेन्सवाल्यांपैकी एक तरणा पोरगा वर आला. जाकीट, बूट, डोळ्यांवर काळा चष्मा. मी त्याला ओळखलं. ज्या ठेकेदारांना भाऊंनी फाटकावर सोडून दिलं होतं, त्यांचा मुलगा ऋतिक.

"ए काका, गाडी हटव."

"काका घरी. इथी ड्रायव्हर म्हन."

"बरं, ड्रायव्हर. गाडी हटव. आम्हाले निघायचं आहे."

"निघशीन. वनरक्षक येऊ दे, मंग निघशीन."

"कोनाचा फोटो काढला तू? डिलीट कर."

भाऊंनी कॅमेरा दुपट्ट्याने पुसला आणि गळ्यात नीट अडकवला. "तू हंसाइचा काढला, म्या तुया मानसाचा काढला. त्याइले इचारलं होतं काय?"

ऋतिकने हात पुढे केला, कॅमेऱ्याकडे. भाऊ मागे सरले नाहीत. त्यांच्या उंचीचा तो नव्हता आणि ते त्याच्याही लक्षात आलं. त्याने मोबाईल काढला आणि बाजूला जाऊन बोलू लागला.

आता प्रवासी ओरडायला लागले. पेपर आहे, दूध नासेल, तालुक्याला तारीख आहे. बरोबरच होतं त्यांचं. मी घड्याळ बघत होतो आणि मनात नोकरीचे दिवस मोजत होतो. भाऊ गाडीच्या दाराशी गेले आणि आत तोंड करून एवढंच म्हणाले, "आज तुमाले उशीर होईन. माह्यामुळं होईन. ज्याले तक्रार कराची हाय, त्यानं माह्या नावानं करा. बिल्ला नंबर इथी लिहिला हाय." आणि छातीवरचा बिल्ला दाखवला.

मग बसंतीबाई उठल्या. बोरांची मोटली कडेवर घेऊन उतरल्या, उतार उतरून गेल्या आणि त्या पांढऱ्या गाडीच्या पुढच्या चाकाला टेकून बसल्या. त्यांच्या गोर-बंजारा बोलीत त्या पोरांना जे म्हणाल्या ते मला सगळं कळलं नाही, पण त्यांचा एकही शब्द आशीर्वादाचा नव्हता. त्यांच्या मागून दोन दूधवाले उतरले. मग कॉलेजची पोरं. पाच मिनिटांत गाडी रिकामी आणि पाळ भरलेली.

उकंडा छातीभर पाण्यात गेला आणि हंस घेऊन आला. उजवा पंख मुळापासून लोंबत होता. उकंडाने आपल्या सदऱ्यात गुंडाळून त्याला छातीशी धरला आणि स्वतः उघडाच थंडीत कुडकुडत बसला. हंस ओरडत नव्हता. नुसता मान उंच धरून सगळ्यांकडे बघत होता.

उकंडाने आधीच फोन केला होता; वनरक्षक मोटरसायकलवरून आला, पंचनामा झाला, त्यांचे दोन्ही कॅमेरे जप्त झाले. भाऊंनी खिशातून चावी काढली. आम्ही बेचाळीस मिनिटं उशिरा निघालो.

आगारात पोचल्यावर लॉगशीट भरायची असते. उशिराचं कारण लिहायचं. मी हळूच म्हणालो, "भाऊ, टायर लिहा."

"टायर बरोबर होता."

"मग इंजिन लिहा. कोन पाह्यते?"

त्यांनी पेन घेतलं आणि त्यांच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं, 'पक्ष्याला मारणारे जाऊ नये म्हणून गाडी आडवी लावली. रा. गावंडे.'

दुपारी उकंडाचा फोन आला. हंस मेला होता.

तिसऱ्या दिवशी तक्रार आली. सरकारी गाडी रस्त्यात आडवी लावली, प्रवाशांना वेठीस धरलं, शिवीगाळ केली, परवानगीशिवाय फोटो काढले. सही ठेकेदारांची. रामरावभाऊ निलंबित झाले.

मी त्यांच्या घरी गेलो. भागीरथावहिनी अंगणात धुतलेल्या तुरीच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. भाऊ खाटेवर, मांडीवर कॅमेरा, झाकणाची चिकटपट्टी बदलत होते. मी बसतो न बसतो तोच दोन माणसं आली. ठेकेदारांकडची. बोलणं गोड. टाईप केलेला एक कागद त्यांनी शेंगांच्या सुपाशेजारी ठेवला. माफीनामा. 'माझ्याकडून रागाच्या भरात चूक झाली, काढलेले फोटो मी नष्ट करत आहे व वनखात्याकडे दिलेला जबाब मागे घेत आहे.' सही केली की साहेब तक्रार मागे घेतील, उद्या ड्यूटीवर.

भाऊ चिकटपट्टी गुंडाळत राहिले. त्यातला एक वहिनींकडे वळला. "वहिनी, तुमी तरी समजवा. नोकरीचे तीन-चार वर्सं राह्यले, कायले हे झंझट?"

वहिनींनी शेंगा सुपात टाकल्या. "सही त्याइची पाह्यजे ना? मंग मले काय सांगता? आन मी सांगतलं तरी ते आयकनार नाईत. तीस वर्सं झाली, मी काय कमी सांगतलं?"

"पन चूक तर झालीच ना..."

"झाली," भाऊ पहिल्यांदा बोलले. "गाडी थांबवली हे चूक. ते मी लिहून देईन. कितीबी वेळा देईन. पन फोटो खरा हाय. खऱ्याची माफी कशी मांगू? तो कागद उचला. शेंगाइचं पानी लागून राह्यलं त्याले."

माणसं गेली. वहिनींनी त्यांना पाणी दिलं होतं, चहा नाही.

अठरा दिवसांनी चौकशी झाली. आगार व्यवस्थापक, एक चौकशी अधिकारी, एक लिहिणारा. माझी साक्ष होती. आदल्या दिवशी मला आगारातल्याच एकाने बाजूला घेऊन सुचवलं होतं, 'तू सांग, मी त्याला खूप अडवलं, त्यानं ऐकलं नाही. तू सुटशील.' ते खोटंही नव्हतं. मी अडवलंच होतं. पण रात्रभर माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. एसटीत नियम आहे, गाडी कंडक्टरच्या घंटीवर थांबते आणि घंटीवर निघते. मी घंटी दिली होती म्हटलं, तर दोष अर्धा माझा. दोघांना अर्धी अर्धी शिक्षा म्हणजे कोणालाच मोठी नाही.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "गाडी थांबवण्यासाठी घंटी दिली होती का?"

"हो साहेब. मी दिली," मी म्हणालो.

बाजूच्या खुर्चीवरून भाऊ उठले. "साहेब, लिहू नका. त्यानं घंटी नाई मारली. तो खोटं बोलून राह्यला."

"अहो गावंडे, तुमची पाळी नाही."

"नसू द्या. मी गाडी थांबवली. माह्या मनानं थांबवली. उद्या तेच दिसलं तर उद्याबी थांबवीन. याले मधात घेऊ नका." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बस खाली, बे."

चौकशी अधिकारी पन्नाशीचे, चष्मेवाले. त्यांनी पेन खाली ठेवलं. "गावंडे, उद्याही थांबवीन हे मी लिहू का? त्याचे परिणाम माहीत आहेत?"

"लिहा जी. नीट अक्षरात लिहा."

मग भाऊंनी पिशवीतून तो फोटो काढून टेबलावर ठेवला. अगरबत्ती, बॉम्ब, मागे उधळलेलं आभाळ. अधिकाऱ्यांनी तो उचलला. बराच वेळ बघितला. लिहिणाऱ्याने मान लांब केली. फोटो कागदपत्रांत लावला गेला.

मी बाहेर आल्यावर भाऊंवर चिडलो. "तुमच्यासाठी खोटं बोललो, तर तुम्ही मलाच तोंडघशी पाडलं!"

ते हसले. त्या अठरा दिवसांत पहिल्यांदा. "अवधूत, तुया जीव चांगला हाय. पन तुले खोटं बोलता येत नाई. घंटी म्हनला तवा तुहे कान लाल झाले होते."

निकाल आला. निलंबन उठलं, सक्त ताकीद मिळाली आणि खैरखुटीची ड्यूटी काढून घेतली. आता पुसदकडच्या फेऱ्या, दिवसाच्या. शिक्षा ठरवणाऱ्यांना कदाचित ती हलकी वाटली असेल. मला माहीत होतं, नोकरी गेली असती तरी भाऊंना एवढं लागलं नसतं. आदेश वाचून त्यांनी घडी घातली, खिशात ठेवली आणि विचारलं, "साप्ताहिक सुट्टी कोन्या वारची हाय?"

बुधवारची होती. दर मंगळवारी संध्याकाळी साडेपाचच्या खैरखुटीच्या गाडीत रामराव गावंडे प्रवासी म्हणून बसू लागले. नवा ड्रायव्हर पाळीवर वेगाने जायचा, हॉर्न मारायचा. पहिल्या दोन आठवड्यांत भाऊंनी त्याला इतकं ऐकवलं की तिसऱ्या आठवड्यापासून तोही दुसऱ्या गिअरमध्ये जाऊ लागला. बुधवारी पहाटे तलाव, मग दिवसभर तलाव, संध्याकाळी जो ट्रॅक्टर मिळेल त्याने परत.

ऋतिकवर वनखात्याने गुन्हा नोंदवला. तो जामिनावर आहे, तारखा चालू आहेत. दोनदा भाऊंना साक्षीला बोलावलं, दोन्ही वेळा पुढची तारीख पडली. ते दोन्ही वेळा इस्त्री केलेला खाकी गणवेश घालून गेले होते.

मग मागच्या डिसेंबरमध्ये खैरखुटीच्या शाळेत पक्षी महोत्सव ठरला. वनखातं आणि ग्रामपंचायत मिळून. उकंडाने सुचवलं आणि सरपंचांनी भाऊंना फोटो लावायला सांगितलं. एकतीस फोटो. शाळेच्या मोठ्या खोलीत दोऱ्या बांधून चिमट्यांनी अडकवलेले. मीही रजा टाकून गेलो होतो. बुधवारी सकाळी आमचं सगळं लावून झालं, आणि नऊच्या सुमारास सरपंच घाईघाईने आले. खोलीत एक फेरी मारली आणि मधल्या दोरीपाशी थबकले.

"रामरावभाऊ, हा फोटो काहून लावला?"

अगरबत्तीचा फोटो होता.

"तलावावरचाच हाय."

"हाव, पन... मंडप, माईक, जेवन, सगळं ठेकेदारसाहेबांकडून हाय. उद्घाटनाले तेच येऊन राह्यले. त्याइच्या पोराचा फोटो त्याइच्याच समोर? काढा, भाऊ. तीस फोटो हायेत ना, एकानं काय होते?"

खरं तर त्या फोटोत ऋतिक नव्हताच. त्याचा माणूस होता. पण गाडी त्यांची होती आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

भाऊ म्हणाले, "बरं." आणि काढायला लागले. पहिल्या दोरीपासून. थापट्या काढला, तलवार बदक काढलं, चक्रवाकांची जोडी काढली. फोटो शांतपणे एकावर एक ठेवत चालले.

"अरे, हे काय? तोच एक काढा म्हनलं!"

"नाई जी. तलावावर जे झालं ते सगळं लागन, नाई तं काईच लागनार नाई. तुमी भिंतीवर फुगे लावा."

बाहेर शाळेची पोरं रांगा करून उभी होती. वनअधिकाऱ्यांची जीप फाटकातून आत येत होती. सरपंचांनी कपाळावरचा घाम पुसला. माझ्याकडे पाहिलं. मी चिमटे गोळा करायला लागलो.

"लावा बाप्पा," सरपंच म्हणाले. "लावा सगळे. मले काईच माहीत नाई. मी हा फोटो पाह्यलाच नाई."

आम्ही धावत सगळे परत लावले.

ठेकेदारसाहेब आले, फीत कापली, अधिकाऱ्यांबरोबर आत आले. पहिल्या दोरीवर वा वा केलं. मधल्या दोरीपाशी थांबले. त्यांनी चष्मा लावला आणि अगदी जवळ जाऊन बघितलं.

"हा कोनी लावला?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

सरपंच खिडकीबाहेर बघत होते. मी पाठीमागे हात बांधले. भाऊ गर्दीतून पुढे आले, ठेकेदारांच्या शेजारी उभे राहिले.

"मी लावला. मीच काढला. नाव खाली लिहिलं हाय."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी होणार. ठेकेदारांनी वनअधिकाऱ्यांकडे पाहिलं. ते वाकून फोटोखालची तारीख वाचत होते. मग ठेकेदारांनी चष्मा खिशात ठेवला, घड्याळ बघितलं, दुसरीकडे कार्यक्रम आहे म्हणाले आणि जेवणाआधीच निघून गेले. मंडप मात्र काढून नेला नाही. जेवणही छान होतं. भाऊंनी दोन वेळा वांग्याची भाजी घेतली.

आठवड्याने आगारात पुन्हा कागद आला. एका प्रतिष्ठित नागरिकाची जाहीर बदनामी केल्याबद्दल खुलासा करावा. भाऊ विश्रांतीगृहात बाकावर बसून लिहीत होते. मी डोकावलो. तीनच ओळी होत्या.

'त्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. फोटो माझा आहे, जागा शाळेची आहे. फोटो खोटा असल्यास नागरिकाने कोर्टात यावे, तिथे मी दर तारखेला हजर असतो.'

"शेवटची ओळ काढा," मी म्हणालो. "उगाच डिवचल्यासारखं वाटते."

त्यांनी कागद परत वाचला. विचार केला. मग 'दर तारखेला' या शब्दांखाली पेनाने एक रेघ ओढली, सही केली आणि कागद द्यायला व्यवस्थापकांच्या खोलीकडे चालते झाले.